कोटातली माया

मला पुरुषांचे जुने कोट आवडतात. नवे नाहीत, आणि बायकांसाठी म्हणून शिवलेले तर मुळीच नाहीत. आज माझ्या कपाटात असे सात कोट आहेत. त्यातला सगळ्यात तरुण कोट साधारण माझ्याच वयाचा, म्हणजे तिशी ओलांडलेला. सगळ्यात थोरला माझ्या आजोबांच्या पिढीचा.

यंदा गणपतीच्या आरतीला मी इरकलीवर करडा ट्वीडचा कोट घालून आले होते. तेव्हा अर्ध्या तासात तीन प्रश्न आले. एक, "थंडी वाजतेय का गं?" दोन, "अहोंचा का?" आणि तिसरा, जो मला फार आवडला, "नोकरी लागली वाटतं!" बाईनं कोट घातला म्हणजे तिला नोकरी लागलेली असते, हे आपल्या मनात किती पक्कं आहे बघा. तर खुलासा असा, की थंडी वाजत नव्हती, नोकरी लागलेली नाही, आणि आमचे अहो बारा महिने कंपनीनं फुकट दिलेलं फ्लीसचं जाकीट घालतात. त्याला मी हात लावत नाही.

'घडी मोडताना' या सदरात गेली तीन वर्षं मी तुमच्याशी साड्यांबद्दल बोलले. इरकल झाली, नारायणपेठ झाली, गेल्या वर्षी नऊवारीचे काठ झाले. यंदा जरा पलीकडच्या कपाटात डोकावू या. ते कपाट आपल्या घरांत आहेच, फक्त ते उघडायची वेळ सहसा वाईट असते. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी खिशांचं. माझी आजी नऊवारी नेसायची आणि तिचं खिशावाचून कधी अडलं नाही. सुटे पैसे कनवटीला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, परसातली भाजी ओच्यात. आईच्या पिढीत सहावारी आली, कनवट गेली आणि हातात पर्स आली. सांगलीला शाळेत शिकवत होते तेव्हा एका हातात खडू-डस्टर, दुसऱ्यात वह्यांचा गठ्ठा आणि पर्स खांद्यावरून घसरतेय, अशी माझी सात वर्षं गेली. इथं आल्यावर बायकांची जाकिटं घेतली तर त्यांना खिशाची झडप असते आणि झडपेखाली काहीच नसतं! नुसती शिवलेली पट्टी. खिसा असल्याचं नाटक. आता पुरुषाचा एक साधा कोट घ्या. बाहेर तीन खिसे, आत दोन, कधी तीन. काही कोटांना उजव्या खिशाच्या वर आणखी एक चिमुकला खिसा असतो, तो रेल्वेच्या तिकिटाचा. माझ्या करड्या कोटाच्या त्या तिकिटाच्या खिशात सध्या लेकीचा एक हातमोजा आहे. दुसरा कुठे आहे ते विचारू नका.

पण खरं कारण खिसे नव्हेत. खरं कारण खळ आहे.

शाळेत मी सुती साड्या नेसायचे, खळ घातलेल्या. रविवारी पातळ खळ करायची, साडी बुचकळायची, वाळवायची आणि थोडी ओलसर असतानाच इस्त्री. सोमवारी सकाळी ती साडी अंगावर आली की पाठ आपोआप ताठ व्हायची. साठ मुलांपुढे उभं राहताना त्या साडीचा एक आधार असायचा. साडीच सांगायची, बाई आल्या, आता गप्प बसा. लग्न होऊन लीड्सला आले. एम.ए. आणि बी.एड.चे कागद इथल्या वर्गात चालवून घ्यायचे तर आणखी कागद लागतात, त्यात लेक झाली, आणि दिवस घरात जायला लागले. घरात सगळं मऊ असतं. मऊ पायजमे, मऊ टी-शर्ट, मऊ शाल. वर्षभरानं एकदा आरशात पाहिलं तर खांदे पुढे आलेले, पाठीला बाक.

त्याच जानेवारीत जवळच्या चॅरिटी शॉपमध्ये लेकीसाठी कोडी बघायला गेले होते. पुरुषांच्या रांगेत शेवाळी-तपकिरी रंगाचा एक कोट लटकत होता, वीण माशाच्या काट्यासारखी, हेरिंगबोन म्हणतात ती. सहज घातला. खांदे मागे गेले, मान वर आली. कुणीतरी पाठीमागून दोन्ही खांदे धरून सरळ उभं करावं तसं झालं. मी मनात म्हटलं, ही तर खळ आहे! चौदा पौंड दिले आणि अंगावर घालूनच घरी आले.

त्या कोटाला आतून खरोखर खळच असते, हे मला नंतर कळलं. चांगल्या जुन्या कोटात वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मधे कॅनव्हासचा एक तिसरा थर असतो. त्यात बहुधा घोड्याचे केस विणलेले असतात. हा थर शेकडो लहान लहान टाक्यांनी वरच्या कापडाला धरून ठेवलेला असतो, म्हणून लॅपल नुसता दुमडल्यासारखा दिसत नाही, तो वळतो. वर्षानुवर्षं घातल्यावर हा कॅनव्हास घालणाऱ्याच्या छातीचा, खांद्यांचा आकार घेतो. आताच्या स्वस्त कोटांत हा थर डिंकानं चिकटवलेला असतो, आणि चार वेळा ड्रायक्लीन केला की पुऱ्या फुगाव्या तसे त्याला फुगे येतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. सगळ्यात खालच्या काजाजवळ वरचं कापड आणि अस्तर दोन चिमटींत धरून हलकेच एकमेकांपासून दूर ओढायचं. मधे आणखी काहीतरी सुटं सरकताना बोटांना लागलं, तर कोट घ्यायचा. काहीच लागलं नाही आणि वरचं कापड पुठ्ठ्यासारखं वाटलं, तर परत अडकवून ठेवायचा.

मी इतिहास शिकवायचे. सातवीच्या पहिल्या धड्यात इतिहासाची साधनं असतात, नाणी, ताम्रपट, बखरी, शिलालेख. मुलं ती तोंडपाठ म्हणायची आणि मलाही वाटायचं, साधनं म्हणजे ती तेवढीच. आता मी कोट उलटा करते आणि वाचते.

हॅरिस ट्वीडचं उदाहरण घ्या. स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. तिथल्या रहिवाशांनी आपापल्या घरी, हातापायांनी चालणाऱ्या मागावर विणलेलं, आणि तिथेच रंगवून कातलेल्या लोकरीचं कापड असेल, तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणता येतं. त्यासाठी ब्रिटिश संसदेनं १९९३ साली चक्क कायदा केला आहे. खरेपणाची खूण म्हणजे एक गोल आणि त्यावर क्रूस, अशा चित्राचं लेबल, बहुतेक आतल्या खिशाजवळ शिवलेलं. त्या लेबलावर 'हॅरिस ट्वीड ऑथॉरिटी' असं असेल तर कोट १९९३ नंतरचा, कारण ही संस्था त्या कायद्यानंच जन्माला आली. त्याआधी होती ती 'असोसिएशन'. म्हणजे एका शब्दावरून वय कळतं. या कापडात सूत रंगवत नाहीत, आधी लोकरच रंगवतात आणि मग वेगवेगळ्या रंगांची लोकर मिसळून सूत कातलं जातं. माझा शेवाळी कोट खिडकीत नेऊन जवळून बघितला की त्यात केशरी, जांभळा, निळा असे बारीक तंतू दिसतात. लांबून पाहिलं तर रंग ओल्या मातीचा.

दुसरं साधन, छातीवरचा खिसा. पुरुषांच्या कोटाला तो डावीकडे असतो. क्वचित एखादा जुना कोट असा मिळतो की तो खिसा उजवीकडे! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिंपी डावखुरा असेल म्हणून मी हसले. तर तसं नसतं. कापड वरून विटलं की पूर्वीचे शिंपी सबंध कोट उसवायचे, कापडाची आतली बाजू बाहेर घ्यायचे आणि पुन्हा शिवायचे. कोट उलटवला की डावीकडचा खिसा उजवीकडे जातो. म्हणजे एकाच कोटाला दोन जन्म, आणि दुसऱ्याची खूण छातीवर.

तिसरं साधन फार नशिबानं मिळतं. दोन गोल चकत्या, प्रत्येकीची एक पाचर कापलेली, आणि शेजारी ४१ हा आकडा. ही युद्धकाळातली सरकारी खूण, सीसी ४१. १ जून १९४१ ला ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं. त्यात पुरुषाच्या कोटाला १३, वास्कटाला ५ आणि पँटला ८, म्हणजे एका सुटाला २६ कूपनं. उरलेल्या चाळिसात वर्षभराचे शर्ट, मोजे, बूट. पुढच्या वर्षी कापड वाचवायला आणखी नियम आले. पुरुषांच्या पँटला खाली दुमड नको, खिसे आणि बटणं मोजकी, दुहेरी छातीचे कोट बंद. दुमडीवरून म्हणे लोक फार चिडले होते. लांब पँट घ्यायची आणि घरी आणून दुमडून घ्यायची, अशी पळवाट त्यांनी काढली. माणूस बॉम्बखाली शांत राहतो आणि पँटच्या दुमडीवरून भांडतो, हे वाचून मला या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

१९४३ साली सरकारनं 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली, म्हणजे आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करून वापरा. त्या काळात नवरा युद्धावर गेला, की त्याच्या सुटाचं कापड उसवून बायका स्वतःसाठी कोट आणि स्कर्ट शिवत. तेव्हा मैत्रिणींनो, पुरुषाचा कोट बाईच्या अंगावर येण्यात नवं काही नाही. नवं एवढंच, की मी तो उसवत नाही.

आपण लीड्सच्या आसपास राहतो, म्हणजे खरं तर कोटांच्या माहेरी राहतो. शेजारचं हडर्सफील्ड सुटाच्या लोकरी कापडासाठी जगभर नावाजलेलं. आणि लीड्समधल्या हडसन रोडवर माँटेग्यू बर्टनचा कारखाना होता, १९३० च्या दशकात सुमारे दहा हजार माणसं तिथं काम करत. हा बर्टन मूळचा इंग्रज नव्हेच. १९०० साली लिथुआनियातून एकटा आलेला पंधरा वर्षांचा ज्यू मुलगा. आला तेव्हा त्याचं नावही वेगळं होतं. त्यानं सामान्य माणसाला परवडेल असा मापाचा सूट विकला, आणि अर्धं इंग्लंड त्याच्या कापडात लग्नाला उभं राहिलं. युद्ध संपल्यावर सुटून आलेल्या सैनिकांना सरकारनं जे साधे कपडे दिले, त्यातले कितीतरी सूट इथेच शिवले गेले. त्यांना डेमॉब सूट म्हणत. बंदूक जमा करायची आणि एका खोक्यात सूट, शर्ट, टाय, रेनकोट, टोपी, बूट घेऊन घरी जायचं. ज्याला आपण अगदी इंग्रजी पोशाख म्हणतो, तो इंग्रजांच्या अंगावर घालणारा एक परदेशातून आलेला मुलगा होता. इथल्या शाळेत मुलांना हे शिकवायला मला फार आवडलं असतं.

आता येते ती अडचण, जी तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या मनात पहिल्या ओळीपासून आहे. दुसऱ्याचे कपडे!

माझ्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर कोट पाहिला आणि कौतुकानं किंमत विचारली. जुना आहे म्हटल्यावर चेहरा बदलला. "कुणाचा गं?" माहीत नाही म्हटलं. "म्हणजे तो माणूस आहे की गेला?" तेही माहीत नाही म्हटलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धुवून तरी घेतलास ना?"

त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे उतरलेले कपडे देतात, घेत नाहीत. देणं हे पुण्य आणि घेणं ही पाळी येणं. आपल्या लहानपणी दुपारी दारावर बोहारीण यायची. जुन्या साड्या, सदरे, पँटी तिच्यापुढे टाकायच्या आणि एक पातेलं किंवा डबा घासाघीस करून घ्यायचा. आई तीन साड्यांत स्टीलचा डबा मागायची, बोहारीण पाच मागायची, शेवटी चार आणि वर बाबांची एक पँट. ते कपडे नंतर कुठे जातात हे आम्ही कधी विचारलं नाही. ते कुठेतरी, कुणाच्या तरी अंगावर जात असणारच. इथली चॅरिटी शॉप म्हणजे त्या रस्त्याचं दुसरं टोक आहे. आपण जन्मभर एका टोकाला उभे होतो, म्हणून दुसरं टोक बघवत नाही.

आणि दुसरं असं, की आपण काही खरंच जुन्या कपड्यांना शिवत नाही का? माझ्या आजीच्या नऊवारींची गोधडी मी सांगलीहून इथं आणली आहे. वजनाच्या चार किलोंपैकी दीड किलो तिचंच झालं, लोणच्याची बरणी मागे ठेवावी लागली. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्या साड्या पांघरून माझी लेक रोज रात्री झोपते आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. आजीची साडी ऊब आणि आजोबांचा कोट अशुभ, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

बाईनं पुरुषाचे कपडे घालावेत का, असंही एका ज्येष्ठ काकांनी हळूच सुचवून पाहिलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की काका, शालू कसा नेसावा, पदर कसा घ्यावा, केसांत गजरा कुठे माळावा, हे महाराष्ट्रातल्या घरंदाज बायका एके काळी रंगमंचावरच्या बालगंधर्वांकडे बघून शिकल्या. काका संगीत नाटकांचे शौकीन. ते हसले आणि त्यांनी मला स्वतःच्या कोटाचं अस्तर दाखवलं. जांभळं रेशमी अस्तर! चाळीस वर्षं ते आपल्यात करड्या रंगाचे गृहस्थ म्हणून वावरत होते.

आपल्या मंडळातल्या पहिल्या पिढीच्या काकांचे कोट मी बऱ्याच दिवसांपासून बघते आहे. ही पिढी साठ-सत्तरच्या दशकांत आली, बरेचसे डॉक्टर, काही इंजिनियर. तीन पौंड खिशात घेऊन आलो, असं त्यातले सगळेच सांगतात, कारण तेव्हा तेवढंच परकीय चलन बरोबर आणू देत. पण तीन पौंड ज्या खिशात होते तो खिसा कशाचा होता, हे कुणी सांगत नाही. तो नव्या सुटाचा होता. निघण्याआधी घरच्यांनी पैसे जमवून तो मुद्दाम शिवून घेतलेला. कापड ठाण्याच्या रेमंडचं नाहीतर कुणीतरी आणून दिलेलं 'इंपोर्टेड', म्हणजे बहुधा याच यॉर्कशरमधलं. इथून बोटीनं गेलेलं कापड सूट होऊन विमानानं परत आलं. तो सूट घालून ते मुलाखतीला उभे राहिले, भाड्याची खोली मागायला दारांत उभे राहिले. पुढच्याला माणूस दिसण्याआधी सूट दिसावा, एवढी त्या सुटाकडून अपेक्षा होती.

कपड्यानं माणसाची पत ठरवणारा समाज आपल्याला काही इंग्लंडमध्ये भेटला नाही. तो आपण घरूनच ओळखून होतो. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला दहा, किंग हेन्रीज रोड इथे राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घर घेतलं, आपल्यातले बरेच जण जाऊन आले आहेत. ज्यांनी काय घालावं आणि काय घालू नये हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं, त्या समाजातला माणूस नीटनेटका सूट घालून उभा राहतो, तेव्हा तो हौस म्हणून घालत नसतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांशी बोलतानाही त्यांनी साडी कशी नेसावी याबद्दल सांगितलं होतं. जातीची खूण पटवणारी जुनी पद्धत सोडा, पायघोळ नेसा, कपडे फाटके असले तरी स्वच्छ असू देत. त्यांचे कोट नागपूरजवळच्या चिचोलीच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. मी अजून पाहिले नाहीत. पुढच्या भारतवारीत नागपूर गाठायचं ठरवलं आहे. भाषणं छापलेली मिळतात, खांद्याचा आकार मात्र कोटातच असतो.

आता त्या कपाटाबद्दल सांगते.

या मार्चमध्ये आपल्यातल्या एका काकूंचा फोन आला. काका जाऊन सहा महिने झाले होते. नाव लिहीत नाही, त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. "तू जुने कोट घेतेस ना? ये, घेऊन जा. मी काळ्या पिशव्या आणून ठेवल्यात, पण हात होत नाही." गेले. पलंगावर चार सूट मांडलेले. तीन इथले, रेडीमेड, बरे होते. चौथा करडा, जाड, जरा बोजड. आतला खिसा उलटा केला तर शिंप्याचं लेबल, गिरगाव, मुंबई ४. नुसता ४. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले आणि गिरगावचा ४०० ००४ झाला, म्हणजे हा सूट बहुधा त्याआधीचा. काकूंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "अगं, साठ वर्षांचं तोंडपाठ आहे मला. एकोणसत्तर. माझ्या सासऱ्यांनी फंडातून पैसे काढले होते."

मग मी त्यांना पँटची माया दाखवली. शिवणकाम येणाऱ्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड मुद्दाम सोडतात, त्याला आपल्याकडे शिंपी माया म्हणतात. अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून. गिरगावच्या त्या शिंप्यानं कमरेला मागे चांगली दोन-अडीच इंच माया ठेवली होती. त्यानं तेवीस-चोवीस वर्षांचा काटकुळा मुलगा बघितला असणार आणि ओळखलं असणार, की हा तिकडे जाऊन भरणार.

लोकरी कापडात जुन्या शिवणीच्या खुणा राहतात. दिव्याखाली धरलं तर सुईच्या छिद्रांच्या ओळी दिसतात. त्या पँटला तीन ओळी होत्या. सगळ्यात आतली मूळची. काकूंनी बोट ठेवलं, "ही गिरगावची." दुसरी बाहेर, इंचभर सोडलेली. "ही डॉनकास्टरची. कायमची नोकरी लागली, मी आले, घरी वरणभात सुरू झाला." तिसरी अगदी काठाला. "धाकट्याची मुंज. तेव्हा श्वास सोडला तर बटण जाईल अशी स्थिती होती," आणि हसल्या. पण आत्ता पँट ज्या शिवणीवर उभी होती ती यातली कुठलीच नव्हती. ती पहिल्या ओळीच्याही आत होती, हातानं घातलेली, टाके लहानमोठे, दोरा काळा. करड्या कापडाला काळा दोरा कुठला शिंपी घालणार?

काकूंनी त्यावरून बोट फिरवलं. "गेल्या वर्षी नातीच्या पदवीदानाला हाच घालायचा म्हणाले. बत्तीसची कंबर अठ्ठावीस झाली होती. शिंप्याकडे न्यायला वेळ नव्हता. रात्री बसून मी घातले टाके." मग त्या चहा ठेवायला उठल्या.

तीन सूट मी चॅरिटी शॉपमध्ये पोचवले. चौथ्याचा कोट आता नातीकडे आहे, मँचेस्टरला. बाह्या तिला लांब होतात, म्हणून ती त्या दुमडून घालते, अस्तराचे पांढरे-निळे पट्टे बाहेर दिसतात. पँट काकूंनी ठेवली आहे. काळ्या पिशव्या उरल्या, त्या त्यांनी बागेतल्या पाल्याला वापरल्या.

तेव्हापासून मला घाई झाली आहे. आपल्या घराघरांतल्या कपाटांत, माळ्यावर असे सूट आहेत, आणि मुलं वर्षातून दोनदा येऊन घर आवरतात. त्यांच्या दृष्टीनं ते जुने जड कपडे. देऊन टाका, जरूर द्या, चॅरिटी शॉपना द्या, माझ्यासारख्या बायका तिथे टपून बसलेल्या असतात. फक्त देण्याआधी आतला खिसा उलटा करा. लेबलाचा फोटो काढा. जुने शिंपी आतल्या खिशाच्या लेबलावर कधी शाईनं गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीखही लिहीत. आणि घालणारा माणूस अजून घरात असेल, तर सगळ्यात उत्तम. चहा द्या आणि विचारा, हा कुठे शिवला, किती पैसे पडले, पहिल्यांदा घडी कुठे मोडली. पुरुष मनातलं बोलत नाहीत ही आपली तक्रार आहे ना? कोटाबद्दल विचारून बघा.

ज्यांना स्वतः घालून बघायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. खांदे बसले पाहिजेत, बाकी सगळं बदलता येतं. बाही आखूड करता येते, अस्तर नवं लावता येतं, पण खांदा बदलायचा तर कोटाच्या किमतीच्या पाचपट मजुरी. छत्तीस-अडतीसचे कोट जुन्यांत बरे मिळतात आणि ते आपल्याला होतात. बटणं उलट्या बाजूला असतात, हाताला सवय व्हायला आठवडा लागतो. बटण लावायच्या भानगडीत पडूच नका, उघडा छान दिसतो. साडीवर घालायचा तर सुती किंवा खणाची घ्या. पैठणीवर ट्वीड घालू नये, दोघी भांडतात. आणि नवा, म्हणजे जुना कोट घरी आणला की थेट कपाटात ठेवायचा नाही. लोकरीला कसर लागलेली असू शकते आणि ती तुमच्या शालींवर जाईल. पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर. माझ्या फ्रीजरमध्ये मटार आणि पुरणाच्या शेजारी एक कोट नेहमी असतो.

दिवाळीच्या कार्यक्रमाला चहाच्या टेबलाशेजारी मी एक जास्तीचं टेबल मांडून बसणार आहे. माळ्यावरचा एखादा कोट असेल तर आणा. घेणार नाही, फक्त उलटा करून बघणार आहे. वही-पेन आणते. एकच विनंती, डांबरगोळ्या आधी घरीच झटका, मागच्या खेपेला फराळाला वास लागला होता.